फरक आहे, मॅडम

माझी नोकरी दुधाचा वास घ्यायची होती. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधी तेच उरकून घेतो. शहराबाहेरच्या एका डेअरीत रोज सकाळी कन्नड-सिल्लोडकडून दुधाच्या गाड्या येतात. कॅन ओट्यावर उतरतात. लॅक्टोमीटर, फॅटचं मशीन हे सगळं नंतर. त्याच्या आधी एक माणूस कॅनचं झाकण उचलतो, उलटं करून नाकाशी धरतो आणि ‘घ्या’ किंवा ‘बाजूला’ एवढंच म्हणतो. एकोणीस वर्षं तो माणूस मी होतो. आंबूस दूध, शिळं दूध, बाटुकाच्या, म्हणजे ज्वारीच्या हिरव्या चाऱ्याच्या वासाचं दूध, कुणी पावडर कालवलेलं दूध, सगळं मला झाकणात कळायचं. गावी पिशोरला माझी दोन एकर जमीन आहे, पण घर चाललं ते नाकावर.

ते नाक गेलं. परत आलं नाही. बरे झालेल्यांनी लिहिलेलं वाचून धीर घ्यायचा असेल तर हे बाजूला ठेवा. मी लिहितोय ते दवाखान्यात ज्यांना एखाद्या औषधाच्या अभ्यासात नाव घालायला सांगतात, त्यांच्यासाठी. माझ्याएवढा शहाणपणा त्यांनी करू नये म्हणून.

लसूण

सुरुवात सर्दीनं झाली. ती गेलीच नाही एवढंच. कपाळात ओल्या वाळूचं पोतं घालून फिरल्यासारखं वाटायचं. बुटाची नाडी बांधायला वाकलो की गालाची हाडं ठणकायची. घशात मागच्या मागं सारखं काहीतरी उतरायचं. मी सहा-सात महिने ते अंगावर काढलं. ओव्याची पुरचुंडी झाली, निलगिरीची वाफ झाली, तपकीरही ओढून बघितली. मग पिशोरच्या थोरल्या चुलत्यांनी फोनवर रामबाण सांगितला. लसणाची सोललेली पाकळी नाकपुडीत धरून बसायचं, सगळं पाणी होऊन वाहतं. मी काम पक्कं करणारा माणूस. एकीच्या जागी दोन घातल्या, आणि वर पोचल्या पाहिजेत म्हणून करंगळीनं ढकलल्या. एक बाहेर आली.

अशा रीतीनं मी पहिल्यांदा नाकाच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी चिमट्यानं पाकळी काढली, ट्रेमध्ये ठेवली. नर्सनं खिडकी उघडली.

‘वास कधीपासून येत नाही?’ मॅडमनी विचारलं.

‘येतो की.’

‘आत्ता कशाचा येतोय?’

मी जरा इकडंतिकडं बघितलं आणि म्हणालो, ‘दवाखान्याचा.’

माझी बायको संगीता मागं उभी होती. तिनं पदर नाकाला लावला होता. ‘आवो,’ ती हळूच म्हणाली, ‘खोलीभर लसणाचा भडका उडालाय.’

माझा आजार मला कळला तो असा. वास हळूहळू जातो आणि जाताना सांगून जात नाही. मॅडमनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं. आत फिकट, ओलसर, फुगलेले कोंब दाटीवाटीनं बसलेले. जुनाट सायनस, त्यात हे. ‘साखर-बीपीसारखं समजा,’ त्या म्हणाल्या. ‘सांभाळत राहायचं.’

रिक्षा मुकुंदवाडीच्या पुढं आल्यावर संगीता म्हणाली, ‘डेअरीत सांगनार का?’

‘सांगून काय खाऊ?’ मी म्हणालो.

अडीच महिने

ऑपरेशन झालं. नाकातल्या पट्ट्या निघाल्या आणि चार-पाच दिवसांनी मला तव्यावरच्या बाजरीच्या भाकरीचा वास आला. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि भिंतीला टेकून नुसता उभा राहिलो. संगीता म्हणाली, ‘सरका तिकडं, चटका बसल.’ तिला कळलं होतं. म्हणूनच तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

अडीच महिने नाक होतं. ओट्यावर मी ऐटीत झाकणं उचलली. मग एके सकाळी भाकरी होती, धूर होता, वास नव्हता. कोंब परत आले होते. मॅडमनी आधी सांगितलं होतं, असं होऊ शकतं. मला वाटलं होतं, त्या दुसऱ्या कुणाला सांगतायत.

डेअरीत मी काही बोललो नाही. झाकण नाकाशी धरायचो आणि बघायचो गाडीवाल्याच्या तोंडाकडं. ज्याला आपलं दूध आंबलंय हे ठाऊक असतं तो उगीच बिडी शोधतो, नाहीतर तुमच्या मुलांची चौकशी करतो. तसं दिसलं की ‘बाजूला’. चार महिने मी दुधाऐवजी माणसं तपासली आणि एकदाही चुकलो नाही. स्वतःवर इतका खूश होतो की नाकाची आठवणही येईना.

मग लक्ष्मणमामा आले. नात्यानं कुणाचेच मामा नाहीत, पण सगळे मामाच म्हणायचे. अजिंठ्याच्या बाजूचा माणूस, जन्म जनावरांमागं गेलेला. वीज पडली तरी त्यांच्या तोंडावरची रेघ हलायची नाही. मी झाकण उचललं, मामांकडं बघितलं, मामा डोंगरासारखे शांत. ‘घ्या,’ म्हणालो. आठ कॅन टाकीत गेले. दुपारी दूध तापवायला घेतलं तेव्हा फाटलं. अख्खी टाकी गटारात सोडावी लागली.

मामांना बोलावलं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, ‘मला सकाळीच जरासं आंबूस वाटलं व्हतं. पर तुमी घ्या म्हनले. म्हनलं, एवढं मोठं नाक म्हनतंय तर आपलंच चुकत आसल.’

मामांचं दूध महिनाभर बंद झालं. हे मी अजून गिळू शकलेलो नाही.

शिफ्टचे देशमुख साहेब ओरडले नाहीत. ‘नाकाचं काय ते बघा,’ म्हणाले. ‘दिवाळीपर्यंत ओट्यावरची जागा तुमच्यासाठी धरून ठेवतो. नाय जमलं तर कॅन धुवायला जा.’

कॅमेऱ्यासमोर

त्याच सुमाराला मॅडमनी अभ्यासाचं सांगितलं. दिवाळीला अजून सहा-सात महिने होते. कोंबांवर नवीन औषध येतंय, नाकात मारायचा फवारा. निम्म्या लोकांना औषध मिळणार, निम्म्यांना अगदी तशाच बाटलीत मीठपाणी. कुणाला काय ते संगणक ठरवणार, मला कळणार नाही, मॅडमलाही नाही. ‘चार महिन्यांनी तुमच्या वहीतले आकडे बघू,’ त्या म्हणाल्या. ‘ज्यांना फरक नसेल त्यांना खरं औषध सुरू करू. ज्यांना फरक असेल त्यांची आहे तीच बाटली पुढं चालू राहील.’

हे वाक्य तुम्ही दोनदा वाचा. मी एकदाही ऐकलं नाही, कारण समोर कॅमेरा होता. संमती देतानाचं शूटिंग करायचं असतं, असं कळल्यावर मी मेहुण्याच्या लग्नातला शर्ट इस्त्री करून गेलो होतो. मॅडम समजावत होत्या आणि मी शर्टाची कॉलर समजावून घेत होतो.

अभ्यासाचं सगळं कागदपत्र बघायला शबाना नावाची मुलगी होती. ती कॅमेऱ्यामागून म्हणाली, ‘काका, आता तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत बोला.’

मी घसा साफ केला. ‘मानवजातीच्या कल्याणासाठी आणि विज्ञानाच्या प्रगतीसाठी...’

‘काका, वो नहीं. दवाई के बारे में बोलो ना.’

‘औषध चांगलं आहे,’ मी म्हणालो.

तिनं आणि मॅडमनी मला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. मी प्रत्येक वाक्याला ‘व्हय, व्हय’ म्हणालो. आमच्याकडं समोरचा सांगून दमू नये म्हणून ‘व्हय’ म्हणतात. समजण्याशी त्याचा संबंध नसतो.

वही

रोजचा क्रम असा. सकाळी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं, मग फवारा मारायचा, मग वहीत आकडे लिहायचे. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा येतो. त्या पाण्यातलं तांब्याभर रोज माझ्या नाकात जायचं. संगीता ड्रम झाकताना म्हणायची, ‘तुळशीला बी एवढं मिळत नाय.’

पहिल्या आठवड्यात मी नऊ लिहिलं, कारण नऊच होतं. शबानानं वही बघितली आणि तिचा चेहरा जरासा उतरला. आता वाटतं, ती दुपारची जेवली नसेल. किंवा बसमध्ये उभी राहून आली असेल. पण मी पडलो चेहरे वाचणारा. मला वाटलं, पोरगी एवढ्या आशेनं फोन करते, ‘काका, फवारा मारला का? चक्कर तो नै ना?’ विचारते, आपल्याला चहा पाजते, आणि आपण तिच्या तोंडावर नऊ मारायचं?

पुढच्या खेपेला सात लिहिलं. मग सहा. मग चार.

पिशोरच्या लहानपणी डॉक्टर आठवड्यातून एकदा बाजारच्या दिवशी यायचे. ‘काय, फरक?’ विचारायचे. ‘हाय ना, लई फरक,’ असं सांगून लोक पायऱ्या उतरायचे आणि थेट दुसऱ्या डॉक्टरकडं जायचे. औषध लागू पडलं नाही असं तोंडावर सांगणं म्हणजे जेवायला बसून भाजी अळणी आहे म्हणण्यासारखं. माणूस एवढा झटतोय, त्याला कशाला दुखवा. ही भीड माझ्या हाडात आहे. मॅडम विचारायच्या, ‘कसं वाटतंय?’ माझ्या तोंडून आपोआप जायचं, ‘फरक आहे, मॅडम.’

एकदा संगीतानं वही उघडली.

‘चार? बसून झोपता, तोंड वासून. सकाळी डोकं धरून उठता. अन् चार?’

‘ती पोरगी किती जीव लावती.’

‘अन् मी? मला तर कधी चार म्हनत नाय. भाजी बेचव लागली की ताट सरकवता.’

खरं तर नाक गेल्यापासून संगीता माझ्यासाठी वास सांगत राहिली होती. ‘कोथिंबीर चिरतीय.’ ‘शेजारी मासे तळायलेत.’ ‘तुमचा शर्ट टाका धुवायला, घामट झालाय.’ आकाशवाणीसारखं. कधी चिडून, कधी सहज. आजारपणातली एकच गोष्ट मला परत हवी वाटते, ती ही. त्या दिवसानंतर तिनं सांगायचं कमी केलं.

चार महिन्यांनी

तपासणीच्या दिवशी मॅडमनी दुर्बीण घातली. बराच वेळ बघत राहिल्या. ‘कोंब आहेत तेवढेच आहेत,’ म्हणाल्या. मग वही बघितली. ‘पण तुम्हाला बरं वाटतंय. चांगलं आहे.’

नंतर वास ओळखायची परीक्षा होती. शबाना एकेक जाड पेन नाकाखाली धरायची आणि चार उत्तरं वाचायची, त्यातलं एक निवडायचं. संत्रं, चामडं, लसूण, मासा. मी तिच्याकडं बघत होतो. बरोबर उत्तराशी आली की तिचा आवाज एवढासा, मोहरीएवढा, हळू व्हायचा. तिला स्वतःला ठाऊकही नसणार. मी भराभर ओळखत गेलो.

‘मस्त काका,’ ती म्हणाली. खरोखर आनंदली होती.

मला ‘फरक आहे’वाल्यांत घातलं. तीच बाटली पुढं चालू.

बाहेर बाकावर पाचोडचे बबनराव भेटले. अडत दुकानात हमालीवर देखरेख करणारा माणूस, त्याच अभ्यासात होता. त्यांच्या हातात नवीन बाटली होती.

‘बदलून दिली?’ मी विचारलं.

‘मग. मी वहीत रोज दहा लिहायचो. एकदा तर अकरा लिहिलं, त्या पोरीनं खोडायला लावलं. म्हनलं, बाई, तुमच्या या पान्यानं काय व्हत नाय, मला खरं औषध द्या. तुमचं काय?’

‘चार.’

त्यांनी माझं चोंदलेलं बोलणं ऐकलं, माझ्याकडं नीट बघितलं. ‘चार? कामून?’

तिथून मॅडमची खोली दहा पावलांवर होती. परत जाऊन सांगता आलं असतं. पण काय सांगू? चार महिने खोटं लिहिलं म्हणून? अभ्यासातून काढलं तर? शबानाला बोलणी बसली तर? आणि आत कुठंतरी असंही होतं की माझी बाटली खऱ्या औषधाचीच असेल, उशिरानं लागू पडेल. मी बस पकडली. दोन महिन्यांनी बबनरावांचा फोन आला, सिटी बसच्या डिझेलच्या वासानं मळमळलं म्हणून. इतक्या आनंदानं मळमळलेला माणूस मी बघितला नव्हता.

तीन ग्लास

दिवाळी झाली. देशमुख साहेबांनी शब्द पाळला होता, आता माझी पाळी होती. त्यांनी टेबलावर दुधाचे तीन ग्लास ठेवले. ‘यातलं एक कालचं आहे. सांगा.’

मी पहिला ग्लास नाकाशी नेला आणि सवयीनं त्यांच्याकडं बघितलं. साहेब माझ्याकडं पाठ करून खिडकीतून गाड्या बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक.

मी मधला म्हणालो.

ते वळले. तिन्ही ग्लास आळीपाळीनं हुंगले आणि उजवीकडचा बेसिनमध्ये ओतला. ‘जाऊ द्या,’ म्हणाले. ‘सोमवारपासून धुण्यावर या.’

आता मी कॅन धुतो. वाफ, सोड्याचं पाणी, पत्र्याचा खणखणाट. लक्ष्मणमामांचे कॅनही येतात, त्यांच्या नावाचा लाल रंगाचा डाग असतो त्यांच्यावर. ओट्यावर दुसऱ्याच कुणी शिकवलेला नवा माणूस उभा असतो. झाकण उचलताना तो डोळे मिटतो. मी कधी मिटले नव्हते. मिटायला हवे होते.

मीठपाणी

अभ्यास संपल्यावर काही महिन्यांनी दवाखान्यातून बोलावणं आलं. कुणाला काय मिळालं ते आता उघड झालं होतं. मी संगीताला घेऊन गेलो.

‘तुमच्या बाटलीत मीठपाणी होतं,’ मॅडम म्हणाल्या. ‘सुरुवातीपासून. तरी तुम्हाला इतका फरक पडला. होतं असं कधीकधी.’

संगीतानं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं नुसती पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

‘मॅडम,’ मी म्हणालो, ‘फरक पडला नव्हता.’

आणि सगळं सांगितलं. नऊचे चार, पेनांची परीक्षा, सगळं. कोपऱ्यात शबाना कागद लावत होती, तिचे हात थांबले. पेनांचं सांगितलं तेव्हा ती उठून बाहेर गेली.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या थकल्यासारख्या दिसल्या. ‘आकडे बंद झालेत,’ म्हणाल्या. ‘आता त्यात काही बदलता येत नाही. तुम्ही सांगितलंत ते मी लिहून कळवीन, पण तुमचे चार ते चारच राहतील.’

‘एका माणसानं काय होतंय, मॅडम?’

‘तुम्ही चार लिहिलं म्हणजे मीठपाण्यानं माणूस बरा होतो असं कागदावर आलं. मीठपाणी जेवढं चांगलं दिसतं तेवढं खरं औषध कमी चांगलं दिसतं. आणि असे तुम्ही एकटेच असाल असं मला वाटत नाही.’

आजवर माझ्या भिडेनं माझंच वाटोळं झालं, असं समजत होतो. ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशा माणसांच्या औषधात मी पाणी घातलं होतं. दुधात पाणी घालणाऱ्यांना एकोणीस वर्षं बाजूला काढणारा मी.

‘मग आता ते औषध...?’ संगीतानं विचारलं. ‘म्हंजे यांना?’

‘अभ्यास बंद झालाय. बाजारात यायला वर्षं लागतील. आलं तर.’ मॅडमनी चष्मा काढून पुसला. ‘परत ऑपरेशन करता येईल. पुन्हा वाढणार नाहीत असं मी सांगू शकत नाही.’

जायच्या आधी एक फॉर्म भरायचा राहिला होता. शबाना परत आली होती. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीसारखा ठेवला होता. ‘फक्त नोंद म्हणून, काका,’ ती म्हणाली. ‘इसका हिसाब में कुछ नै.’ ती माझ्याकडं न बघता, कागदावर मान घालून विचारत गेली. नाक चोंदणं? नऊ. वास? दहा. झोप? नऊ. कामावर परिणाम? दहा. वहीच्या पहिल्या आठवड्यानंतर प्रथमच मी खरे आकडे सांगत होतो आणि ते कुठंच जाणार नव्हते.

‘लास्ट,’ ती म्हणाली. ‘उदास वाटतं? शून्य ते दहा.’

‘तीन,’ मी म्हणालो.

तिनं पेन टेकवलं. संगीता पुढं वाकली आणि तिनं शबानाच्या मनगटावर हात ठेवला.

‘थांबा, ताई,’ ती म्हणाली. ‘दहा लिहा. तीन भिडेखातर सांगायलेत.’

शबानानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोललो नाही, आणि तिनं दहा लिहिलं.